साथसंगतीपासून स्वतःच्या लेबलपर्यंत : स्वतंत्र संगीत आणि भक्तिसंगीताचे लेबल पुण्यात कसे चालवावे

पुण्यात गाणारा, वाजवणारा आणि चाली बांधणारा माणूस दर दुसऱ्या गल्लीत भेटतो. आपण वाजवलेल्या ध्वनिमुद्रणाचा मालक असलेला संगीतकार मात्र विरळा. मी बरीच वर्षे संवादिनीची साथ केली, पुढे संगीत संयोजन केले आणि त्यानंतर दोन लहान लेबले, म्हणजे ध्वनिमुद्रणे तयार करून प्रसिद्ध करणाऱ्या संस्था, सुरू केली : एक स्वतंत्र गाण्यांसाठी, दुसरे केवळ भक्तिसंगीतासाठी. याच शहराने आलूरकर म्युझिक हाऊस आणि फाउंटन म्युझिकसारख्या संस्था पाहिल्या आहेत, त्यामुळे मुंबईला गेल्याशिवाय हा व्यवसाय होत नाही, ही समजूत येथे तरी कोणी बाळगू नये. लेबल चालवण्यासाठी महागडा स्टुडिओ लागत नाही, तो तासावर भाड्याने मिळतो. कोणत्या गाण्यातील कोणता हक्क कोणाकडे आणि किती काळासाठी आहे, याची बिनचूक नोंदवही मात्र लागतेच. ज्याची ती वही अपुरी आहे, त्याचे लेबल पहिले गाणे लोकप्रिय होईपर्यंतच टिकते.

एका गाण्यात किती मालक असतात

नवख्या संगीतकाराला गाणे ही एकच वस्तू वाटते. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या दृष्टीने मात्र तिच्यात तीन स्वतंत्र कृती असतात : शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. शब्दांचा पहिला मालक कवी आणि चालीचा पहिला मालक संगीतकार असतो. ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे निर्माता, अर्थात ज्याने ते घडवून आणण्यासाठी पुढाकार घेतला आणि जबाबदारी उचलली तो. लेबल सामान्यतः या तिसऱ्या हक्काचे धनी असते. शब्द आणि चाल यांचे संरक्षण कर्त्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालते, तर ध्वनिमुद्रणाचे संरक्षण ते प्रसिद्ध झालेल्या वर्षानंतर ६० वर्षे राहते. या तिघांखेरीज गायक आणि वादक यांना कलावंताचा हक्क असतो व त्याची मुदत ५० वर्षांची आहे. पखवाजवाला मानधन घेऊन गेला म्हणजे त्याचा संबंध संपला, असे आपल्याकडे सर्रास मानले जाते. पण ध्वनिमुद्रणाचा व्यापारी वापर झाल्यास कलावंताला रॉयल्टीचा, म्हणजे वापरागणिक मोबदल्याचा, हक्क २०१२च्या दुरुस्तीने दिलेला आहे.

याच दुरुस्तीतील आणखी एक तरतूद स्वतंत्र लेबलने पाठ करून ठेवावी. चित्रपटाचा भाग नसलेल्या ध्वनिमुद्रणातील शब्द आणि चाल यांच्या वापरातून येणारी रॉयल्टी कवी आणि संगीतकार यांना हक्क घेणाऱ्याबरोबर समान तत्त्वावर मिळाली पाहिजे, आणि हा अधिकार त्यांना स्वतःचे वारस किंवा कॉपीराइट सोसायटी वगळता इतर कोणालाही सोडून देता येत नाही. ‘सर्व हक्क कायमचे विकले’ अशी ओळ करारात घालून कवीची कायमची बोळवण केली, असे ज्यांना वाटते त्यांनी वकिलाकडे एक चक्कर मारावी.

संतांचे शब्द मोकळे असतात, चाल असेलच असे नाही

भक्तिसंगीताच्या लेबलकडे वळणारे बहुतेक जण एका हिशेबाने येतात : अभंग कोणाच्याच मालकीचे नाहीत, तेव्हा कवीला काही द्यावे लागत नाही. हा हिशेब अर्धाच खरा आहे. ज्ञानेश्वर, नामदेव, जनाबाई, चोखामेळा, एकनाथ आणि तुकाराम यांचे शब्द मोकळे आहेत. परंतु तुमच्या कानात घर करून बसलेली चाल अनेकदा विसाव्या शतकातील एखाद्या संगीतकाराने बांधलेली असते आणि लहानपणापासून ऐकल्यामुळे ती पारंपरिक वाटू लागते. श्रीनिवास खळे यांचे निधन २०११ साली झाले. म्हणजे त्यांनी बांधलेल्या अभंगाच्या चालीवरील हक्क २०७१च्या अखेरपर्यंत राहणार, शब्द सतराव्या शतकातले असले तरीही. म्हणून कोणताही अभंग निवडला की प्रथम चालीचा माग काढावा. तीच चाल दिंडीत, वारकऱ्यांच्या वेगवेगळ्या फडांवर आणि जुन्या भजनी मंडळींच्या तोंडी सापडत असेल तरच तिला पारंपरिक म्हणावे, आणि शंका राहिली तर नवी चाल बांधावी. आपण संगीतकार आहोत, ते काम आपल्याला येते.

संत म्हटले की शब्दही मोकळेच, हा दुसरा गैरसमज. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६८ साली गेले, त्यामुळे त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेल्या भजनांवरील हक्क २०२८च्या अखेरपर्यंत चालू आहेत. आंबेडकरी लोककवी वामनदादा कर्डकांच्या गीतांसाठी हीच मुदत २०६४पर्यंत जाते, कारण त्यांचे निधन २००४ साली झाले. उलट १९५० साली गेलेल्या साने गुरुजींचे शब्द २०११च्या आरंभापासून सर्वांसाठी खुले आहेत. मराठी ख्रिस्ती उपासनेसाठी भजने लिहिणारे रेव्हरंड नारायण वामन टिळक तर १९१९ सालीच निवर्तले, म्हणून पुण्यातील एखाद्या चर्चच्या गायकवृंदाला त्यांची पदे नव्या चालीत मुद्रित करायची असतील तर शब्दांची अडचण नाही. गीतरामायणाचे उदाहरण मी नेहमी विद्यार्थ्यांना गणित म्हणून घालतो : पुणे आकाशवाणीवरून १९५५ साली सुरू झालेल्या या मालिकेचे कवी ग. दि. माडगूळकर १९७७ साली गेले आणि संगीतकार सुधीर फडके २००२ साली; तेव्हा शब्द २०३८मध्ये मोकळे होतील, पण चालीसाठी २०६३ उजाडावे लागेल. निधनाच्या वर्षानंतर येणाऱ्या १ जानेवारीपासून ६० वर्षे मोजायची, इतकी ही आकडेमोड सोपी आहे. मृत्यूनंतर प्रथमच प्रसिद्ध झालेल्या लेखनासाठी ती प्रसिद्धीच्या वर्षानंतरच्या १ जानेवारीपासून करावी लागते.

दुसऱ्याचे गाजलेले गाणे पुन्हा गायचे असेल तर कायद्यात कव्हर व्हर्जनची वाट आहे. पण मूळ ध्वनिमुद्रण झालेल्या वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षे गेलेली असावी लागतात आणि दरवर्षी किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी भरावी लागते. लहान लेबलने या वाटेला न जाता हक्कधारकाशी थेट बोलावे, हे बरे.

लेखी करार, तेही वाजवण्यापूर्वी

आमच्या क्षेत्रात करारपत्र पुढे केले की माणूस दुखावतो. ‘आपल्यात कागद कशाला?’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता ते ऐकले की मी कागद आधी काढतो. माझ्या सुरुवातीच्या एका ध्वनिमुद्रणात गायकाशी करार झाला होता, पण चाल त्याच्या गुरुबंधूची असल्याचे गाणे प्रसिद्ध झाल्यावर कळले. गुरुबंधू भला माणूस होता, तरीही गाणे चार महिने उतरवून ठेवावे लागले आणि तोवर आषाढी निघून गेली होती.

हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी नसेल तर ते ग्राह्य धरले जात नाही. करारात कृतीचे नाव, दिलेले हक्क, मुदत, प्रदेश आणि रॉयल्टी या पाच गोष्टी स्पष्ट लिहाव्यात. मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षांची मानली जाते आणि प्रदेश लिहिला नाही तर केवळ भारत गृहीत धरला जातो. सिंगापूर, दुबई किंवा न्यू जर्सीतील मराठी श्रोता डोळ्यांसमोर ठेवून तुम्ही काम करत असाल, तर ही दुसरी चूक फार महागात पडते. शिवाय मिळालेला हक्क एका वर्षात वापरला नाही तर, करारात वेगळे नमूद नसल्यास, तो संपुष्टात येतो. गायक, कवी, संगीतकार आणि संयोजक यांच्याशी स्वतंत्र करार करावेत. साथीदारांसाठी एका पानाचे संमतिपत्र पुरते, मात्र ते ध्वनिमुद्रणाच्या दिवशी चहा होण्यापूर्वी भरून घ्यावे. नंतर प्रत्येकाला पुढच्या कार्यक्रमाला जायचे असते.

कवी आणि संगीतकार यांना इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचे सभासद होण्यास सुचवावे. १९६९ साली स्थापन झालेली ही संस्था शब्द आणि चाल यांच्या सार्वजनिक वापराचे पैसे गोळा करून वाटते. तुम्ही स्वतः चाली बांधत असाल तर तुमचाही अर्ज त्याच आठवड्यात जाऊ द्या. लेबलचा मालक झालेला संगीतकार स्वतःचा संगीतकार म्हणून असलेला हिस्सा विसरतो, हे मी एकापेक्षा अधिक वेळा पाहिले आहे.

दोन नावे का ठेवावीत

स्वतंत्र गाणी आणि भक्तिसंगीत एकाच नावाखाली प्रसिद्ध करण्याचा मोह टाळावा. पहाटे काकडा लावणाऱ्या आजींना त्यापाठोपाठ ब्रेकअपचे रॅप ऐकू आले तर त्या पुन्हा तुमच्या चॅनेलवर येणार नाहीत, आणि त्या रॅपरच्या श्रोत्यांना हरिपाठाची सूचना मिळाली तर तेही फिरकणार नाहीत. यूट्यूब आणि स्पॉटिफाय श्रोत्याच्या सवयींवरून पुढचे गाणे सुचवतात, तेव्हा सवयीच एकमेकींत मिसळल्या तर दोन्हीकडील गाणी मागे पडतात. पण मला यापेक्षा महत्त्वाचे वाटते ते श्रद्धेचे कारण. भक्तिसंगीत ऐकणारा माणूस तुमच्या लेबलवर विश्वास टाकत असतो की येथे शब्द नीट असतील, देवाची थट्टा नसेल आणि मध्येच दारूची जाहिरात येणार नाही. यूट्यूबवर जाहिरातींचे काही संवेदनशील प्रकार बंद करण्याची सोय असते. भक्तिसंगीताच्या चॅनेलवर ती पहिल्याच दिवशी वापरावी.

व्यवसायाचे स्वरूप ठरवताना फार घोळ घालू नये. एकट्याने सुरुवात करणाऱ्याला मालकी संस्था पुरते; लघुउद्योगांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी विनाशुल्क होते आणि मोजके कामगार असलेल्या आस्थापनाला महाराष्ट्रात दुकाने अधिनियमाखाली केवळ सूचना द्यावी लागते. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांपुढे गेली की जीएसटीचा प्रश्न येतो. गाणी स्ट्रीमिंग मंचांवर पोहोचवणाऱ्या परदेशी वितरकाकडून डॉलरमध्ये येणाऱ्या रकमेचा हिशेब चार्टर्ड अकाउंटंटकडूनच करून घ्यावा. लेबलच्या नावाचा ट्रेडमार्क वर्ग ९ (ध्वनिमुद्रणे) आणि वर्ग ४१ (मनोरंजन सेवा) मध्ये घ्यावा. व्यक्तीने ऑनलाइन अर्ज केल्यास प्रत्येक वर्गासाठी ४,५०० रुपये शुल्क आहे आणि नोंदणी दहा वर्षे टिकते. देणग्यांवर भक्तिसंगीत चालवण्याचा विचार असेल तर मात्र वेगळी व्यवस्था हवी : धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला सार्वजनिक न्यास किंवा कंपनी कायद्याच्या कलम ८ खालील कंपनी. देणगीचे पैसे आणि विक्रीचे पैसे एकाच खात्यात ठेवणे हा गुंता आहे, आणि भाविकांचा पैसा असल्यामुळे त्यात लाजही आहे.

वारकरी भजन मुद्रित करताना

स्वतंत्र गाण्याच्या ध्वनिमुद्रणाविषयी माहिती सर्वत्र मिळते, म्हणून मी भजनाविषयीच थोडे सविस्तर लिहितो. टाळांचा नाद गायकाच्या माइकमध्ये शिरतो आणि तो नंतर काढता येत नाही. मिक्सिंग करणारा हताश होऊन गायकाचा आवाज दाबतो. टाळकऱ्यांना गायकाच्या माइकच्या पाठीमागच्या बाजूला, जितके लांब बसवता येईल तितके बसवावे, आणि शक्य असल्यास आधी पखवाज, संवादिनी व गायन एकत्र घेऊन टाळ नंतर मुद्रित करावेत. मात्र भजनात लय टाळकऱ्यांमुळे चढते, त्यामुळे टाळ वेगळे केले की भजन थंड होण्याचा धोका असतो. माझा तोडगा असा की दोन निवडक टाळकरी सुरुवातीपासून बसवायचे आणि बाकीचा समूह शेवटच्या फेरीत वाढवायचा. पखवाजाच्या धुमाची, म्हणजे डाव्या खर्जाच्या तोंडाची, कणीक एसीच्या हवेत लवकर सुकते, म्हणून प्रत्येक दोन अभंगांनंतर स्वर तपासावा. एकाच लयीचे ठोके देणाऱ्या मेट्रोनोमवर भजन बांधू नये; विलंबितातून द्रुतात जाणे हाच त्याचा प्राण आहे.

मूळ फाइल २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झमध्ये ठेवावी, प्रत्येक वाद्याचे ट्रॅक वेगळे जतन करावेत आणि त्याच्या तीन प्रती करून एक दुसऱ्या घरी ठेवावी. स्पॉटिफाय आवाजाची पातळी साधारण उणे १४ एलयूएफएसवर (आवाजाचा जोर मोजण्याचे एकक) आणते, तेव्हा मास्टरिंगमध्ये, म्हणजे शेवटच्या संस्करणात, आवाज ठासून भरण्याने काहीच साधत नाही. भक्तिसंगीत मात्र मंदिराच्या कर्ण्यावर आणि मंडळाच्या स्पीकरवरही वाजणार असते, जेथे डावे-उजवे काही नसते. मिश्रण मोनोमध्ये ऐकून संवादिनी नाहीशी होत नाही ना, हे पाहावे.

शब्दांची तपासणी ध्वनिमुद्रणाच्या आधी व्हावी. गाथेच्या छापील प्रतींत पाठभेद आहेत. आपण कोणती प्रत धरली हे वहीत लिहून ठेवावे आणि एखाद्या जाणत्या कीर्तनकाराकडून उच्चार तपासून घ्यावेत. शेवटचा चरण कापून अभंग आटोपशीर करण्याची नवी रीत निघाली आहे. त्या चरणात ‘तुका म्हणे’ किंवा ‘नामा म्हणे’ अशी कवीची मुद्रा असते. ती कापणे म्हणजे पत्रावरची सही फाडणे, आणि माझ्या लेबलवर तो अभंग प्रसिद्ध होत नाही. रील करायची असेल तर ध्रुपदाची, म्हणजे पालुपदाची, करावी. मुखपृष्ठावरील मूर्तीच्या छायाचित्राचे किंवा संतांच्या चित्राचे हक्कही कोणा छायाचित्रकाराकडे वा चित्रकाराकडे असू शकतात, हे विसरू नये.

सांकेतिक क्रमांक, वितरक आणि दावे

प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी हा बारा अक्षरांचा क्रमांक लागतो. वितरक तो देतात; परंतु दीर्घकाळ लेबल चालवायचे असल्यास भारतात हे काम पाहणाऱ्या इंडियन म्युझिक इंडस्ट्री या संस्थेकडून स्वतःचा नोंदणी संकेत घ्यावा आणि वितरक बदलला तरी जुने क्रमांक तेच ठेवावेत, अन्यथा जमलेले श्रवण पुन्हा शून्यावर येते. वितरक निवडताना वार्षिक शुल्क थांबवल्यास गाणी उतरवली जातात का, हा प्रश्न आधी विचारावा. गाण्याच्या तपशिलांत ‘विठ्ठल’ रोमनमध्ये एकाच पद्धतीने लिहावे. तीन गाण्यांत तीन स्पेलिंगे असली की शोधणाऱ्याला एकच सापडते. कवीच्या रकान्यात संतांचे नाव घालावे. चाल खरोखर पारंपरिक असेल तर संगीतकाराच्या रकान्यात तसेच लिहावे. तेथे स्वतःचे नाव दडपून घालणारे संगीतकार मला माहीत आहेत.

आरत्या आणि नामजप यांवर यूट्यूबच्या कंटेंट आयडी या गाणी आपोआप ताडून पाहणाऱ्या व्यवस्थेतून खोटे दावे हमखास येतात, कारण एकाच पारंपरिक चालीची शेकडो ध्वनिमुद्रणे यंत्राला सारखी वाटतात. अशा वेळी संतापून पत्र लिहिण्यापेक्षा ध्वनिमुद्रणाची तारीख, साथीदारांची संमतिपत्रे आणि स्वतंत्र ट्रॅक जोडीला ठेवून आक्षेप नोंदवावा. दावेदाराला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात. हीच काळजी उलटही घ्यावी : तयार लूप किंवा बाजारात मिळणारा तानपुऱ्याचा तयार ट्रॅक वापरलेले ध्वनिमुद्रण आपणही कंटेंट आयडीत टाकू नये, नाहीतर तोच ट्रॅक वापरणाऱ्या दुसऱ्यावर आपला खोटा दावा जातो.

पंचांग हाताशी ठेवून प्रकाशन

स्वतंत्र गाणे कोणत्याही शुक्रवारी प्रसिद्ध करता येते. भक्तिसंगीताचे वेळापत्रक पंचांगावर ठरते. ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून आणि अष्टमीला आळंदीहून पालख्या निघतात आणि पुण्यात नाना पेठेत व भवानी पेठेत मुक्काम करतात. विठ्ठलाचे ध्वनिमुद्रण त्याआधी दोन आठवडे श्रोत्यापर्यंत पोहोचले पाहिजे. आषाढीच्या दिवशी प्रसिद्ध केलेले गाणे द्वादशीला शिळे होते. म्हणजे ध्वनिमुद्रण होळीच्या सुमारास, मिश्रण चैत्रात आणि वितरकाकडे फाइल किमान चार आठवडे आधी, असा उलटा हिशेब मांडावा. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणे सुचवायचे असल्यास ते प्रसिद्धीच्या किमान सात दिवस आधी सादर करावे लागते. गणेशोत्सव, नवरात्र, कार्तिकी आणि दत्तजयंती यांप्रमाणेच नाताळ, १४ एप्रिल आणि बुद्धपौर्णिमा यांनाही हाच नियम लागू आहे.

या संगीताची गती मंद पण दीर्घ असते. स्वतंत्र गाणे पहिल्या महिन्यात जे काही व्हायचे ते होऊन जाते. हरिपाठाचे चांगले ध्वनिमुद्रण पहिल्या वर्षी कोणी विचारत नाही आणि चौथ्या वर्षी रोज सकाळी वाजू लागते. दोन्ही लेबले एकत्र चालवण्याचा आर्थिक अर्थ हाच आहे, मात्र नव्या गाण्याच्या खर्चासाठी हरिपाठाच्या उत्पन्नावर आधीच उधारी काढू नये.

पैसे आणि त्यांचा हिशेब

पहिली दोन वर्षे लेबल तुमच्या शिकवण्यांवर आणि कार्यक्रमांवर जगेल, हे घरात आधीच सांगून टाकावे. स्पॉटिफायवर मागील बारा महिन्यांत १,००० वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याचे पैसे मिळत नाहीत. यूट्यूबवर जाहिरातींचा वाटा मिळण्यासाठी १,००० सदस्य आणि बारा महिन्यांत ४,००० तासांचे श्रवण लागते. अमेरिकेतील श्रोत्यांमुळे मिळणाऱ्या रकमेवर कर कापला जातो. कराचा अर्ज भरल्यास भारताशी असलेल्या करारानुसार तो १५ टक्के असतो, न भरल्यास अधिक. मंदिरात खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीच्या वेळी वाजवलेल्या ध्वनिमुद्रणासाठी कायद्याने सूट दिली आहे, तेव्हा तेथे वसुलीची आशा ठेवू नये आणि ठेवली तर शोभणारही नाही. कॉलर ट्यून, माहितीपटांना दिलेली परवानगी आणि कीर्तनकारांनी आपल्या कार्यक्रमात विकण्यासाठी घेतलेले पेनड्राइव्ह यांतून मला अनेकदा स्ट्रीमिंगपेक्षा अधिक मिळाले आहे.

खर्च वसूल होईपर्यंत वाटणी थांबवायची असेल तर कोणता खर्च वसुलीत धरला आहे, याची यादी करारालाच जोडावी. स्टुडिओचे भाडे त्यात यावे, लेबलच्या मालकाची रिक्षा नव्हे. वर्षातून दोनदा, समजा एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये, प्रत्येक हिस्सेदाराला एका पानाचे विवरण पाठवावे : कोणत्या मंचावरून किती आले, काय वजा झाले, त्याचा वाटा किती. वाटा ३८ रुपये निघाला तर ते ३८ रुपये पुढील विवरणात जमा म्हणून दाखवावेत. गेल्या वर्षी असेच विवरण मिळाल्यावर आमच्या एका टाळकऱ्याने फोन करून त्यातील बेरीज तीन रुपयांनी चुकल्याचे सांगितले. ती खरोखरच चुकली होती, म्हणून दुरुस्त केलेले पान मी त्याच दिवशी सगळ्यांना पुन्हा पाठवले.